एका स्क्रूवरचा ब्रेक

"मूल रडून आठवण करून देतं, मशीन रडत नाही," असं आई मला एकदा म्हणाल्या होत्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. मी तेव्हा बाळाला कडेवर घेऊन एका हाताने दुकानाचं शटर वर ढकलत होते, आणि मला त्या वाक्यात फक्त टोमणा ऐकू आला.

"रडत नाही म्हणूनच आवडते मला ती," मी म्हणाले.

आई हसल्या नाहीत. "दोन्ही एकदम अंगावर घेऊ नकोस, एवढंच म्हणते. एक तरी आधी मिटव."

मला वाटलं, झालं सुरू. सून पदार्थविज्ञान शिकली आणि हातात पाना घेऊन बसली, हे यांना बघवत नाही. खरं तर त्यांना चांगलं बघवत होतं. आल्यागेल्याला त्याच सांगायच्या, "कार्बुरेटर आमची सून लावते, मुलाला तेवढा कान नाही." पण टोमणा शोधायचाच म्हटलं की कुठेही सापडतो.

आमचं दुकान घराच्याच तळमजल्यावर आहे. पुढे शटर, मधे कामाचं लांब टेबल, मागचं दार थेट स्वयंपाकघरात उघडतं. झाडं कापायचे चेनसॉ, गवत कापायच्या मशीन, पाण्याचे पंप, असं सगळं आमच्याकडे दुरुस्तीला येतं. नवरा फिरतीची कामं घेतो, टेबलावरचं काम माझं.

मी काळजी करणारी बाई आहे. बाळ झोपलं की त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघणारी. द्राक्षाच्या चार फोडी करून, त्यातलीही एक स्वतः चावून बघणारी. दुकानात बाळासाठी लाकडी कठडा करून घेतला होता, पेट्रोलचे कॅन बाहेरच्या जाळीत, कानशी वरच्या खिळ्यांना. नवरा म्हणायचा, "हिचं चाललं तर ही त्याला हेल्मेट घालून झोपवेल." मला ते कौतुकच वाटायचं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, असा माझा समज होता. दुकानातल्या सगळ्यांचाच होता.

त्या दिवशी नवरा लाकडाच्या वखारीत मोठा आरा बसवायला गेला होता. दुपारच्या आधी एक उंच माणूस खांद्यावर चेनसॉ टाकून आत आला. समोरच्या दोन दातांमध्ये फट, त्यामुळे बोलताना मधेच बारीक शिट्टी वाजायची.

"शिट्टीच म्हणतात मला," मी बघतेय हे बघून तो म्हणाला. "खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागतं."

वादळात डोंगरातल्या रस्त्यावर मोठमोठी झाडं आडवी झाली होती. ती कापून रस्ता मोकळा करायला त्याची टोळी दुसऱ्या दिवशी निघणार होती. मशीन चांगल्या जातीची होती, धंदेवाल्याची, पण तिचा सूर बसका लागत होता.

"टोळीतले हसतात हो ताई. म्हणतात, तुझी मशीन झाड कापते की झाडाला गुदगुल्या करते?"

मी दोरी ओढून मशीन सुरू केली, थोडी वाढवली, बंद केली. "मशीनला काही झालेलं नाही. दम कोंडलाय तिचा."

"मग सोडा की दम!"

"आजच हवी?"

"उद्या निघतोय आम्ही. नाहीतर तिकडे माझी गुदगुल्यांची वरात निघेल."

नाही म्हणायला हवं होतं. नवरा घरी नव्हता, आई शेजारी कुणाच्या आजारपणाला गेल्या होत्या, बाळाला दात येत होते. पण सरळ दुरुस्ती रोजच करायची असते. मशीन आहे त्याहून चांगली करून द्यायचं काम क्वचित येतं, आणि ते मला येतं. मी म्हणाले, "उन्हं उतरली की या."

बाळ आत झोपलं होतं तोवर काम अगदी मजेत झालं. एअर फिल्टर काढला, धुळीने त्याचं घोंगडं झालं होतं, नवा घातला. सायलेन्सर उघडून त्याचं तोंड मोठं केलं, म्हणजे जळका धूर अडकत नाही आणि इंजिनाला मोकळा श्वास घेता येतो. श्वास वाढला की पेट्रोलही थोडं वाढवून द्यावं लागतं, नाहीतर इंजिन तापून आतल्या आत चिकटतं. ते मी कार्बुरेटरच्या स्क्रूवर कानाने लावलं. भर वेगात आवाज किंचित फाटका लागला पाहिजे आणि लाकडात घुसली की तोच आवाज स्वच्छ झाला पाहिजे. तसा झाला. मग जाड बुंध्यांसाठी एक नंबर लांब पट्टी बसवली, तिच्यावर चौकोनी दाताची नवी चेन. ही चेन लाकूड झपाट्याने खाते, पण चुकीच्या जागी टेकली तर उसळतेही तशीच, थेट कापणाऱ्याच्या तोंडाकडे.

म्हणून वेग वाढवला की ब्रेक बघायचाच, असा आमच्या दुकानाचा नियम. मशीनच्या पुढच्या मुठीसमोर प्लास्टिकची एक ढाल असते. मशीन उसळली की माणसाचं मनगट त्या ढालीवर आपटतं, ढाल पुढे पडते, आणि आतली जाड स्प्रिंग सुटून पोलादी पट्टा चेनचं चाक जागच्या जागी आवळतो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. शिट्टीच्या मशीनचा तो पट्टा झिजून कागद झाला होता. मी नवा घातला, स्प्रिंग ताणून बसवली, तिच्यावर पत्र्याची छोटी झाकणी ठेवली. झाकणीला दोन स्क्रू. पहिला पिळला, दुसरा टेबलावर हाताशी होता, तेवढ्यात आतून बाळाने टाहो फोडला.

त्याला घेऊन आले. कठड्यात ठेवलं की मान मागे टाकून रडायचं, म्हणून कडेवरच ठेवलं. टेबलापाशी, उघड्या मशीनपाशी. जे मी कधीच करत नव्हते. एक हात त्याच्या पाठीवर, एका हाताने उरलेलं काम. वरचं मोठं कव्हर लावलं, नट आवळले. माझ्या डोक्यात दोनचा आकडा पक्का होता, दोन गोष्टी हातावेगळ्या झाल्या. त्यातली एक स्क्रू होती आणि दुसरी बाळ, हे डोक्याने पाहिलंच नाही.

बाळ मात्र गप्प झालं होतं. मला वाटलं, माझ्या कडेवर आलं म्हणून.

शिट्टी आला तेव्हा गप्प झालेल्या बाळाला कठड्यात ठेवून मी शिट्टीसमोर ब्रेक तपासला. भर वेगात ढाल पुढे ढकलली, चेन खट्‌कन थांबली. परत, परत खट्‌. मग त्याने दुकानाबाहेर पडलेला एक ओंडका घेतला. चेन टेकली न टेकली तोच भुसा लांब उडाला आणि ओंडक्याचे दोन तुकडे दोन बाजूंना पडले. समोरचा पंक्चरवाला टाळ्या वाजवायला लागला.

"ताई," शिट्टी म्हणाला, आणि शिट्टी जरा जास्तच वाजली, "ही माझीच मशीन ना? का बदलून दिलीत?"

"तुमचीच. जपून हं, आता ती तुमचं ऐकायच्या आधी पळेल."

"पळू दे की! बघतोच आता कोण गुदगुल्या म्हणतो ते." जाताना तो वळून म्हणाला, "सगळ्या टोळीला सांगणार, कुणी केलीय म्हणून."

मी त्या वाक्यावर दिवेलागणीपर्यंत तरंगत होते.

बाळाला आंघोळ घालताना दिसलं, तोंडात काहीतरी घोळवतंय. मी बोट घातलं. हाताला कडक, गुळगुळीत काहीतरी लागलं आणि आत सरकलं. पुढचं मला नीट आठवत नाही. त्याला पालथं घालून पाठीवर थापट्या मारत होते, आई नुकत्याच परतल्या होत्या, त्या पाण्याच्या बादलीला अडखळून धावत आल्या. मग टाइलवर टिणकन आवाज झाला. बाळ भोकाड पसरून रडलं आणि त्या रडण्याइतका गोड आवाज मी आजवर ऐकलेला नाही.

स्क्रू होता. आखूड, चपट्या डोक्याचा, आट्यांवर निळ्या गोंदाचा डाग. ब्रेकच्या झाकणीचा. बघताक्षणी मला कळलं. हे मी इथे मुद्दाम लिहिते, कारण नंतर मी स्वतःलाही सांगून पाहिलं की तेव्हा कळलं नव्हतं. कळलं होतं.

नवरा आला. त्याने बाळाला उलटसुलट तपासलं, मग स्क्रू हातात घेतला. "हा कुठला गं?"

"जुन्या डब्यातला असेल," मी म्हणाले.

इतकं सहज आलं तोंडात. विचारसुद्धा करावा लागला नाही.

त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मीच. काल मी तो डबा खाली ठेवला होता, पंपाचं बघताना. उचलायचा राहिला असणार." मग तो लोहचुंबक दोरीला बांधून सगळ्या दुकानाची फरशी घासत बसला, टेबलाखाली पालथा पडून. प्रत्येक खिळा, प्रत्येक वॉशर उचलून मला दाखवत होता, "हे बघ, हेही होतं. काय बाप आहे मी." आई म्हणाल्या, "पुरे रे, झालं ते झालं." मी बाळाला थोपटत बसले होते. एक शब्द बोलले असते तर तो उठून बसला असता. नाही बोलले.

दुसऱ्या दिवशी त्याने डब्यांसाठी उंच शेल्फ केलं. रंग दिला. बाळाला उचलून म्हणाला, "साहेब, माफी असावी. आता तुम्ही शिडी लावलीत तरी पोचायचे नाही."

मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. झाकणीला एक स्क्रू आहे. एक पुरतो. ब्रेक माझ्यासमोर खट्‌ वाजला होता. आणि शिट्टीला फोन करून सांगायचं तरी काय? की ताईंनी पोराला कडेवर घेऊन तुमचा ब्रेक लावला? मग तो टोळीत सांगणार कुणी केलीय ते. पंक्चरवाल्याला कळणार. "बाईमाणसाकडे मशीन दिली की असं होतं," हे ज्यांच्या जिभेवर तयारच असतं त्यांना आयतं मिळणार. बायकांची बाजू सांभाळायचं कारण पुढे करून मी स्वतःची अब्रू सांभाळत होते.

शेवटी मन थाऱ्यावर राहीना, तेव्हा नवरा बाहेर असताना मी आमच्या दुकानातली तशीच एक जुनी मशीन काढली. बाळाला आईंकडे दिलं. ब्रेकची झाकणी उघडली, एकच स्क्रू लावून बंद केली आणि मशीन मागच्या अंगणात नेऊन ओंडके कापायला लागले. ढाल ढकलली, खट्‌. आणखी कापलं, खट्‌. मला हसू यायला लागलं. बघ, उगाच जीव टांगणीला लावलास. टाकीतलं पेट्रोल संपत आलं तेव्हा कव्हराच्या आतून खडखड ऐकू आली आणि ढाल पुढे ढकलली तर काहीच झालं नाही. चेन फिरतच राहिली. ढाल माझ्या मनगटापुढे सुटलेल्या दातासारखी लटलटत होती.

कव्हर उघडलं. थरथरीने एकटा स्क्रू सैल होऊन झाकणी फिरली होती, स्प्रिंग निसटून कोपऱ्यात वाकडी पडली होती.

नवरा आल्यावर मी सांगितलं. सगळं. स्क्रू, झाकणी, डबा, खोटं. तो शेल्फखालीच उभा होता. त्याने वर बघितलं.

"आणि मी ह्याला दोन हात रंग दिला," तो म्हणाला.

ओरडला असता तर बरं झालं असतं. मी म्हणाले, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू? मी तुला विचारलं होतं, कुठला गं. विचारलं होतं की नाही?"

"विचारलं होतंस."

दारातून आई म्हणाल्या, "तुमचं मग भांडा. तो माणूस कापतोय ना तिकडे? आधी त्याला गाठा."

आम्ही गाठायला निघालो तेव्हा मला समजलं की माझ्याकडे त्याच्या फोन नंबराशिवाय काहीच नाही. तो नंबर बंद लागत होता. रस्ता मोकळा करायचं काम घेतलेल्या कंत्राटदाराच्या आवारात गेलो. टेबलामागच्या माणसाने विचारलं, "नाव काय त्याचं?"

"शिट्टी म्हणतात."

"बाई, इथे सगळेच शिट्ट्या मारतात."

नवऱ्याने त्याला सगळं समजावून सांगितलं. माझ्या वतीने, माझ्यासमोर. तो सांगताना "आमच्याकडून राहून गेलं" म्हणाला. आमच्याकडून. मी खाली मान घालून त्याच्या बुटांकडे बघत होते, शेल्फच्या रंगाचा एक थेंब वाळला होता त्यावर.

डोंगरातल्या रस्त्यावर टोळी सापडली, शिट्टी नाही. रस्ता जवळजवळ मोकळा झाला होता, कडेला बुंध्यांचे तुकडे रचलेले. एक जाडजूड माणूस डबा खात होता, त्याला विचारलं.

"शिट्टी होय! त्याला दुसऱ्या टोळीने पळवला. पलीकडच्या बाजूला, आणखी मोठी झाडं आहेत म्हणे. ती मशीन बघितली ना त्यांनी. अहो, काय मशीन झालीय! आम्ही एक कापेपर्यंत त्याची तीन. आता तो आम्हाला गुदगुल्या म्हणतो." मग माझ्याकडे बघून, "तुम्हीच का त्या ताई? तुमचं लई नाव काढत होता."

"तिचा ब्रेक बिघडलाय," मी म्हणाले. "माझ्याकडून एक स्क्रू राहिला. ढाल ढिली झाली असेल, त्याला सांगायचंय."

त्याचा घास हातातच राहिला. "ढिली तर झालीच होती. मी म्हटलं पण त्याला, ही पुढची लटलटतेय बघ. तर म्हणाला, ताईंनी केलीय, म्हणजे तसंच असणार. नव्या पद्धतीची असेल. मधे मधे येते म्हणून दोरीने मुठीला बांधून टाकली त्याने."

"बांधली?"

"निळ्या दोरीने. घट्ट."

माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर शिट्टीने मशीन परत आणून आपटली असती, शिव्या घातल्या असत्या. बिघाड दिसला, हाताला लागला, तरी त्याला तो बिघाड वाटला नाही. मला कुणी कधी एवढं मानलं नव्हतं.

आम्ही पलीकडे गेलो. त्या रस्त्याला पुढे तीन फाटे फुटतात आणि तिन्हीकडे झाडं पडलेली. एका टोळीने सांगितलं, होता, पुढे गेला. दुसरी म्हणाली, असा कुणी आलाच नाही. निरोप ठेवले. नवरा रोज एका बाजूला जाऊन येतो. आई फोनपाशी बसून असतात. मी बाळाला घेऊन दुकान उघडते आणि जी मशीन येईल तिच्या मालकाला आधी विचारते, डोंगराकडून आलात का. शिट्टीचा फोन अजून बंदच आहे. तो धडधाकट असेल, फक्त चार्जिंग नसेल, असं नवरा म्हणतो. मी मान हलवते. त्या मशीनची चेन एका सेकंदात किती धावते हे मला माहीत आहे, मीच ती धावती केली.

म्हणून हे लिहिलं. तुमच्या रस्त्यावर, बागेत, शाळेच्या मागे कुठे झाड कापायचं काम चालू असेल, आवाज कानावर येत असेल, तर कृपा करून एकदा बाहेर या. मशीन चालू असताना मागून जाऊ नका, समोर लांब उभे राहा, कापणाऱ्याला दिसाल असे, आणि तो ती बंद करेपर्यंत थांबा. मग तिच्या पुढच्या मुठीकडे बघा. ढाल निळ्या दोरीने बांधलेली असेल तर त्याला सांगा, ही नवी पद्धत नाही, हा ताईंचा हलगर्जीपणा आहे, मशीन खाली ठेव. तो हसेल, माझी बाजू घेईल. ऐकू नका त्याचं. त्याचे दोन्ही हात बघा, चेहरा बघा, तो बरा आहे ना एवढं बघा, आणि मला कळवा.